कॉलरची कुळकथा

परीक्षेत पहिला आलेला मुलगा वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आवाज उठतोच, "आज याची कॉलर ताठ आहे!" विद्यार्थिमित्रांनो, हा शब्दप्रयोग आपण मराठीत इतका मुरवून घेतला आहे की कॉलर ही वस्तूच मुळी परदेशची, हे आपल्या ध्यानातही राहत नाही. ज्या इंग्लंडातून ती आपल्याकडे आली, तेथे एके काळी कॉलर ताठ असणे हा तोऱ्याचा नव्हे, तर वयाचा प्रश्न असे. मुलाच्या गळ्याकडे पाहावे आणि तो साधारण कोणत्या वर्षात आहे हे ओळखावे, अशी तेथील सुखवस्तू घरांची रीत होती. मी इंग्रजीचा शिक्षक. पाठाच्या अनुषंगाने जुनी विलायती चित्रे व छायाचित्रे वर्गात दाखविण्याचा प्रसंग मला वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी माझी नजर प्रथम जाते ती मुलांच्या गळ्यांकडे.

अठराव्या शतकाचा बराच काळ लोटेपर्यंत तिकडे मुलगा म्हणजे लहान मापाचा बाप्या, अशीच शिंप्यांची समजूत असावी. पहिली चार-सहा वर्षे मुलगा आपल्या बहिणीसारखाच झगा घालीत असे. मग एके दिवशी मोठ्या कौतुकाने त्यास विजार चढवावयाची, आणि तिच्याबरोबर वडिलांसारखा कोट व वडिलांसारखीच गळपट्टी. मुलांचे अंग कपड्यांनी आवळू नये, असे लॉकने १६९३ साली आणि रूसोने १७६२ साली आपापल्या ग्रंथांतून आग्रहाने सांगितले. पुढे सुमारे १७८० नंतर 'स्केलिटन सूट' नावाचा पोशाख निघाला. त्यात विजार आखूड जाकिटाला बटणांनी जोडलेली असे, आणि गळ्याशी मऊ कापडाची, रुंद, चुणीदार, उघडी कॉलर. बापाची मान गळपट्टीच्या वेढ्यांत अडकलेली, आणि शेजारी मुलाचा गळा मोकळा! ज्या कॉलरी मी चित्रांतून पाहिल्या, त्यांत मला ही सर्वांत आवडते.

सन १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या राजपुत्रास राजनौकेवर खलाशाचा पोशाख घातला गेला. तो नौकेवरच शिवलेला होता. राजपुत्राचे पाचवे वर्ष चालू होते. विंटरहाल्टर या चित्रकाराने त्या वेषात त्याचे चित्र काढले, आणि हळूहळू घरोघरच्या मुलांच्या पाठीवर खलाशाची ती चौकोनी निळी कॉलर येऊन बसली. धावण्याखेळण्यास ती सोयीची, म्हणून तिच्याविषयी मुलांची तक्रार नसावी. तक्रार झाली ती दुसऱ्या एका कॉलरची. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या बाईंची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८६ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्या नायकाचा मखमली पोशाख व लेसची रुंद कॉलर पाहून इंग्लंड-अमेरिकेतील मातांस वेडच लागले. पोरांस मात्र ती कॉलर म्हणजे शिक्षा वाटे. ज्याच्यावरून हा नायक रचला तो लेखिकेचा मुलगा व्हिव्हियन. ते नाव त्यास जन्मभर चिकटून राहिले. १९३७ साली उलटलेल्या होडीतील माणसांना वाचविण्याच्या धावपळीत त्याचा अंत झाला, तरी लोकांच्या स्मरणात तो लेसच्या कॉलरीतला मुलगाच उरला. आईने हौसेने घातलेला एक पोशाख किती काळ अंगावर राहतो पाहा!

आठ-नऊ वर्षांचा झाला की मुलगा ईटन कॉलरच्या स्वाधीन होई. ईटन या प्रख्यात शाळेवरून तिला हे नाव पडले; परंतु इतर अनेक शाळांत, आणि रविवारी व सणासमारंभास तर सर्रास, ती वापरीत. पांढरी शुभ्र, चांगली रुंद, खळ देऊन फळीसारखी ताठ केलेली ही कॉलर जाकिटाच्या कॉलरवरून बाहेर उलटलेली असे. सदऱ्याला ती शिवलेली नसून पुढेमागे सुट्या बटणांनी अडकवावयाची असे. माझ्या लहानपणी वडिलांचा रविवारचा सदरा आई भाताच्या पेजेत बुडवीत असे. वाळल्यावर तो दोरीवर एखाद्या माणसासारखा उभाच्या उभा राही, आणि इस्त्री फिरवताना आईच्या कपाळावरून घाम निथळे. वडील दिवसभर मान वळवताना सगळे अंगच वळवीत. त्यावरून मी ताडतो की दहा वर्षांच्या पोराला त्याहूनही कडक कॉलरचे काय सुख लागत असेल. आणि ती धुणाऱ्या हातांना? कॉलर सुटी करण्याची युक्तीच मुळी धुण्याच्या कंटाळ्यातून निघाली. अमेरिकेतील ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या गृहिणीने १८२७ साली पतीची कॉलर कापून वेगळी केली, अशी परंपरागत हकीकत आहे. ते गाव पुढे कॉलरींच्या धंद्यावरच नावारूपास आले. धुणेच नको म्हणून नंतर सेल्युलॉइडची कॉलर निघाली. ओल्या फडक्याने पुसली की झाले! ती पेटही चटकन घेई, हा भाग निराळा. गरिबाच्या घरी असल्या टप्प्यांचे लाड कोठले? तेथे थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याच्या अंगावर जात, मग त्याचे वय काहीही असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. चौदा-पंधराव्या वर्षी ईटन कॉलर जाऊन मोठ्यांची कॉलर यावी, असा सर्वसाधारण शिरस्ता होता. खुद्द ईटनमध्ये मात्र वयाऐवजी उंची पाहत. ५ फूट ४ इंचांहून ठेंगणा मुलगा आखूड जाकीट आणि रुंद कॉलर घाली. त्याहून उंच झाला की लांब शेपटांचा कोट. ही पद्धत १९६७ पर्यंत चालली. ज्याचे हाड उशिरा वाढते अशा मुलाची स्थिती कल्पनेत आणा. बरोबरीचे सोबती एकामागून एक मोठ्यांच्या पोशाखात गेले, आणि हा तेवढाच हुशार, तेवढ्याच वयाचा, परंतु गळ्याभोवती लहानपणाची पाटी बांधून फिरतो आहे.

पालकहो, हे दूरदेशीचे नवल म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडील अनेक शाळांत सातवीपर्यंत अर्धी विजार व आठवीपासून पूर्ण विजार असा गणवेश असतो. जून महिन्यात आठवीच्या वर्गावर गेले की पूर्ण विजारीतली मुले पाय लांब करून, जरा ऐटीतच बसलेली आढळतात. अशाच एका जूनमध्ये एक लहानखुरा मुलगा जुन्याच अर्ध्या विजारीत येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. प्रश्नाचे उत्तर येत असूनही तो उभा राहीना. मी त्याच्या वडिलांस भेटलो. ते म्हणाले, "गुरुजी, जुनी अजून त्याला बेताची होते. उंची वाढली की शिवू." पैशाची अडचण नव्हती, काटकसर होती, आणि ती चुकीची असेही मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणालो, "उंची वाढेल तेव्हा वाढेल, पण आठवीत तो आजच आला आहे." पुढच्या सोमवारी तो नव्या विजारीत आला. ती खाली दोनदा दुमडलेली होती, तरी पहिल्याच प्रश्नाला त्याने हात वर केला.

पहिल्या महायुद्धानंतर मऊ, सदऱ्याला शिवलेल्या कॉलरींचा प्रसार झाला आणि मुलांच्या गळ्यावरील हे सारे टप्पे हळूहळू पुसले गेले. ईटनमध्ये उंच ताठ कॉलर आजही आहे. परंतु ती काही विशेष पदे मिळविलेल्या विद्यार्थ्यांची खूण म्हणून. आपल्या बाजारात तर वडिलांचा व मुलाचा शर्ट एकाच नमुन्याचा मिळतो. आतल्या चिठ्ठीवरचा आकडा तेवढा निराळा असतो.