परळची तळमजल्यावरची खोली

लातूर एक्सप्रेस सकाळी दादरला लागते. बार्शीच्या व्यापारी मंडळींना ही गाडी घरच्यासारखी आहे. मूळजी जेठा मार्केट, दवाबाजार, नाहीतर वाशीचे भुसार मार्केट, एवढीच आमची मुंबई. दादरपासून पायी जाण्याच्या अंतरावर आणखी एक मुंबई आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. आमच्या पेढीवरील दिवाणजींच्या सहा वर्षांच्या नातवाला रक्ताचा कर्करोग निघाला. बार्शीच्या डॉक्टरांनी परळची चिठ्ठी दिली आणि मुलगा, त्याचे आईवडील, दिवाणजी व मी असे पाच जण गाडीत बसलो.

परळ म्हटले की गिरण्या आठवतात. पण आता तेथे जाणारा माणूस बहुधा हातात फाईल घेऊन जातो. १९२६ चे के. ई. एम., १९२९ चे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आणि १९४१ चे टाटा रुग्णालय, ही तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी आहेत. भोवतालच्या पदपथांवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे पथारी टाकून राहतात. कुंपणाला वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे पाहून दिवाणजी काहीच बोलले नाहीत; नातवाचा हात मात्र त्यांनी घट्ट धरला.

मी घरून तयारीनिशी निघालो होतो. "खर्चाची काळजी करू नका," असे मी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांनी मान हलवली आणि आम्हांला तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठविले. दारावर 'वैद्यकीय समाजसेवा विभाग' अशी पाटी होती. खरे सांगायचे तर मला ते थोडे लागले. ही खोली मदत मागणाऱ्यांसाठी असते, अशी माझी समजूत होती.

आत बसलेल्या ताईंनी पैशाचा विषय सर्वांत शेवटी काढला. मुलाजवळ मुंबईत कोण राहणार? गावी धाकटी बहीण आहे, ती कोणाकडे? आई रात्री झोपते का? मुलाला काय सांगितले आहे? उत्तरे मीच देत होतो. दोन-तीन प्रश्नांनंतर त्या हसून म्हणाल्या, "काका, तुमचा आधार मोठा आहे. पण हे मला बाळाच्या वडिलांकडून ऐकायचंय." चाळीस वर्षे पेढीवर सर्वांच्या वतीने बोलण्याची सवय लागलेल्या माणसाला गप्प बसणे किती कठीण जाते, ते त्या अर्ध्या तासात समजले.

हे काम मुंबईला नवे नाही. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली आपल्या रुग्णालयात समाजसेविका नेमली, कारण औषध घेऊन घरी गेलेला रुग्ण तेथील अडचणींमुळे पुन्हा आजारी होऊन येतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. आपल्याकडे १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले, आणि दहा वर्षांनी जवळच्याच जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेवक म्हणून नेमणूक झाली. सरकारी रुग्णालयांत आज या पदाला 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात. नाव कचेरीतले वाटते. काम मात्र माणसाजवळ बसण्याचे आहे.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सूनबाईंना एकट्यांना बोलावले. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहरा हलका झाला होता. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून मुलाला हे झाले, असे कुणीतरी त्यांना सुनावले होते. सहा आठवडे ते शल्य त्यांनी एकटीने वागवले. आमच्यापैकी कुणालाही ते विचारायचे सुचले नव्हते.

मुलालाही आम्ही 'पोट तपासायला आणलंय' असे सांगितले होते. चित्र काढता काढता त्याने ताईंना विचारले, "शेजारचा मुलगा गेला, तसा मीपण जाणार का?" त्या संध्याकाळी त्यांच्या सांगण्यावरून आईवडिलांनी त्याला खरे काय ते साध्या शब्दांत सांगितले: रक्तात खराब पेशी झाल्यात, औषध त्यांना मारतं, केस जातील आणि पुन्हा येतील, यात तुझी चूक नाही. त्याने एवढेच विचारले, की केस आधीसारखेच काळे येतील ना?

व्यवहाराच्या गोष्टीही त्याच खोलीत सुटल्या. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली. रेल्वेच्या सवलतीचा अर्ज भरून झाला. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सूट असते, हे आमच्यासारख्या नेहमी प्रवास करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पाणी उकळून प्या, अन्न ताजे खा, असे ताई सांगू लागल्या तेव्हा तेवढ्या एका विषयात मला शिकण्यासारखे काही नव्हते!

चौथ्या महिन्यात मुलगा खेळू लागला. पेरणी तोंडावर आली होती. मुलाचे वडील म्हणाले, आता गावी जाऊ. दिवाणजींनी दुजोरा दिला, आणि लिहायला संकोच वाटतो, पण मीही "बरा तर दिसतोय" असे म्हणालो. ठरल्या दिवशी मुलाला तपासणीला नेले नाही, तेव्हा दुपारीच ताईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. या आजाराचे औषध दोन-अडीच वर्षे चालते. मूल ठणठणीत दिसत असतानाच गोळ्या सर्वांत महत्त्वाच्या असतात, मध्येच थांबवल्या तर आजार उलटतो आणि मग आवरणे अवघड जाते, हे त्यांनी पुन्हा एकदा समजावले. मग विचारले, "पेरणीला किती दिवस लागतात?" बारा. त्यांनी डॉक्टरांशी बोलून तारखा जुळवल्या. वडील गावी गेले, आई व मुलगा राहिले, धाकट्या बहिणीला दिवाणजींनी मुंबईत आणून सोडले. ताईंनी मला एकच काम सांगितले: दिवाणजींना महिन्यातून चार दिवसांची रजा, न मागता द्यायची.

आता दर महिन्याला ते तपासणीला जातात. मागच्या खेपेस मीही सोबत होतो. परतताना दादरच्या फलाटावर मुलाने खिशातून कॅलेंडर काढले. प्रत्येक गोळीमागे एक चौकोन रंगवायचा असतो. त्या रात्रीचा चौकोन कोरा होता. सूनबाईंनी पाण्याची बाटली उघडली, त्याने गोळी घेतली आणि हिरव्या खडूने चौकोन भरला. गाडी यायला अजून वीस मिनिटे होती.