ड्रिलन बाकावर बसला तेव्हा

या वर्षीच्या इंटर-हाउस हॉकीत पहिले तिन्ही सामने आमचे हाउस हरले. मी सेंटर फॉरवर्ड. तीन सामन्यांत माझा एकही गोल नाही, आणि एक पेनल्टी स्ट्रोक तर मी सरळ गोलकीपरच्या पॅडवरच मारला. चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर टीम लागली. माझ्या जागी नववीतल्या एका मुलाचे नाव होते. माझे नाव सगळ्यात खाली, राखीव खेळाडूंत.

त्याच संध्याकाळी हॉकीच्या सरांनी आम्हाला मैदानाच्या कडेला बसवून १९४२ सालच्या स्टॅनले कपची गोष्ट सांगितली. सरांचा हेतू सरळ होता. तीन सामने हरूनही जिंकता येते, हे त्यांना आमच्या डोक्यात भरवायचे होते. सगळे कान देऊन ऐकत होते. मी मात्र त्या गोष्टीतल्या एकाच नावापाशी अडकलो.

स्टॅनले कप म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीचा सर्वांत मोठा करंडक. अंतिम फेरीत दोन संघ एकमेकांशीच खेळत राहतात आणि जो आधी चार सामने जिंकेल त्याचा कप. १९४२ मध्ये एका बाजूला कॅनडाचा टोरांटो मेपल लीफ्स, दुसरीकडे अमेरिकेचा डेट्रॉइट रेड विंग्ज. सात संघांच्या लीगमध्ये टोरांटो दुसरा आलेला, डेट्रॉइट पाचवा. म्हणजे टोरांटोचेच पारडे जड. पण डेट्रॉइटने एक वेगळीच चाल काढली होती. रबराची ती चकती पास देत पुढे नेण्याऐवजी टोरांटोच्या कोपऱ्यात जोरात फेकायची आणि सगळ्यांनी तिच्यामागे सुसाट जाऊन बचावपटूला कठड्याशीच गाठायचे. टोरांटोला यावर उत्तर सापडेना. ३-२, ४-२, ५-२ असे तीन सामने गेले. आणखी एक गेला की संपले.

तेव्हा टोरांटोचे प्रशिक्षक हॅप डे यांनी दोन जणांना संघाबाहेर बसवले. एक बचावपटू बको मॅकडोनाल्ड आणि दुसरा गॉर्डी ड्रिलन. ड्रिलन म्हणजे कोणी साधासुधा खेळाडू नव्हता. १९३८ मध्ये साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त गुण त्याचे होते. त्याच्या जागी आला डॉन मेट्झ, ज्याला फारसे कोणी ओळखतही नव्हते. चौथ्या सामन्याआधी डे यांनी खेळाडूंना चौदा वर्षांच्या एका मुलीचे पत्र वाचून दाखवले. आपला संघ असा हरला तर शाळेत तोंड कसे दाखवू, असे तिने लिहिले होते. त्या सामन्यातही टोरांटो आधी ०-२ असा मागे पडला, पण शेवटी ४-३ ने जिंकला. विजयी गोल डॉनचा भाऊ निक मेट्झ याचा. डेट्रॉइटचे प्रशिक्षक जॅक अ‍ॅडम्स इतके भडकले की सामना संपताच पंचांच्या अंगावर धावून गेले आणि निलंबित झाले. (आमच्याकडे पंचांकडे डोळे वटारून पाहिले तरी मैदानाला फेऱ्या माराव्या लागतात.)

पाचवा सामना ९-३. त्यात डॉन मेट्झचे तीन गोल. सहावा ३-०. सातवा १८ एप्रिलला टोरांटोत, सोळा हजारांवर लोकांसमोर. शेवटच्या सत्राआधी डेट्रॉइट १-० ने पुढे होता आणि शेवटी टोरांटो ३-१ ने जिंकला. संघाचे सर्वेसर्वा कॉन स्मिथ त्या वेळी सैन्यात होते, तेही सामन्याला हजर होते. अंतिम फेरीत ०-३ वरून कप जिंकणारा दुसरा संघ आजवर झालेला नाही.

सरांनी गोष्ट इथे संपवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचार करत होतो, त्या चार सामन्यांत ड्रिलन काय करत होता? डॉन मेट्झचा तिसरा गोल झाला तेव्हा त्याचा चेहरा कसा असेल?

दुसऱ्या दिवशी आमच्या सामन्यात मी पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतो. खरे लिहायचे तर आपण हरावे असेच मला वाटत होते. उघडपणे नाही, पण आतून. हरलो असतो तर माझ्यामुळे हरत नव्हतो हे सिद्ध झाले असते. मध्यंतराच्या थोडे आधी त्या ज्युनिअरची स्टिक तडकली. तो धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमची द्या ना." ती स्टिक बाबांनी सुट्टीत सातारहून आणून दिलेली. मी क्षणभर ती धरूनच राहिलो. मग दिली. त्याने तिच्याच जोरावर गोल केला. आम्ही १-० ने जिंकलो.

रविवारी फोनवर हे सगळे बाबांना सांगितले. बाबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मला वाटले, म्हणतील, स्टिक दिलीस हे चांगले केलेस. त्यांनी विचारले, "गोल झाला तेव्हा टाळ्या वाजवल्यास का?"

"वाजवल्या."

"लगेच?"

मी गप्प बसलो. मागे रांगेतली मुले "टाइम झाला" म्हणून ओरडत होती.

नंतर लायब्ररीत मी पुढचे शोधून काढले. ड्रिलन टोरांटोकडून पुन्हा कधीच खेळला नाही. त्याच वर्षी त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले. मॅकडोनाल्ड पुढे कॅनडाच्या संसदेत गेला आणि त्याने लहान मुलांना हॉकी शिकवली. त्यांतला एक मुलगा म्हणजे बॉबी ऑर, ज्याला आइस हॉकीतला सर्वांत मोठा बचावपटू म्हणतात.

आमचे उरलेले दोन सामने, एक जिंकला, एक बरोबरीत. हाउस दुसरे आले. शेवटच्या सामन्यात सरांनी मला दहा मिनिटे उतरवले, राइट इनला. सेंटरला तो ज्युनिअरच होता, माझीच स्टिक घेऊन. मी हाउसच्या स्टोअरमधली जुनी, जड स्टिक घेतली होती. मी त्याला दोन पास दिले. एक त्याने बाहेर मारला. दुसऱ्यावर पेनल्टी कॉर्नर मिळाला.