देवळ्याची सांज

एप्रिल २०२४ मध्ये भावडबारी घाट ओलांडून आम्ही उभयता देवळ्याला मावशींकडे गेलो. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. मावशी दिवसभर कांदा कापून नुकत्याच घरी आल्या होत्या. पिशवीत थोडी गोल्टी. जयभीम झाला, पाणी झालं. मग नेहमीचाच प्रश्न : कालवण कशाचं करायचं?

लेकराला अंडी हवी होती. घरात दोनच, खाणारे सहा. मावशींनी कांदा-लसूण परतला, शेंगदाण्याचं कूट घालून रस्सा वाढवला आणि उकळीत अंडी फोडली. बाजरीच्या भाकरी झाल्या. एक अंडं लेकराला, दुसरं आम्हा पाहुण्यांना. स्वतःच्या ताटात नुसता रस्सा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती, ती पुढे ४ मे २०२४ ला खुली झाली. भावाच्या बातम्या आम्ही रोज वाचत होतो. कांदा कापणारीच्या ताटात काय पडतं, हे त्या रात्री पाहिलं.

अंडं मोडून अर्धं मावशींना वाढलं. त्या नको नको म्हणाल्या, पण जेवल्या.

आपल्या घरी शेवटी कोण जेवतं? आज जरा त्या ताटाकडे बघा.