पुढचा थर्मल

ग्लायडिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत यंत्राचा फरक थोडा असतो. एका वर्गातली विमाने जवळपास सारखी असतात, सगळ्यांनी पंखांत पाणी भरून वजन वाढवलेले असते आणि थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात, गोल फिरत वर जाण्याचे कसब पहिल्या वीस-पंचवीस जणांत उन्नीस-बीसच असते. निकाल ठरतो तो एका प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर कोणत्याही घड्याळावर दिसत नाही. हातातला थर्मल सोडून निघाल्यावर पुढचा किती जोराचा मिळेल? हवा स्थिर असेल त्या दिवशी हा प्रश्न सोपा वाटतो. हवा फिरली, की चांगले चांगले वैमानिक त्यावर अडकतात.

या प्रश्नाला आकड्यात बसवण्याचे श्रेय पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन वैमानिकाकडे जाते. त्याने चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या तबकडीभोवती फिरणारे एक कडे बसवले. पुढच्या थर्मलमध्ये अपेक्षित असलेला चढाव त्या कड्यावर लावायचा, की दोन थर्मलच्या मध्ये किती वेगाने जायचे ते काटाच सांगतो. 1956 साली फ्रान्समधल्या सेंट-यान येथे तो जगज्जेता झाला. पुढे माणसाच्या पायांच्या बळावर उडणारे गॉसमर काँडॉर हे विमानही त्यानेच घडवले आणि 1977 मध्ये ते यशस्वी ठरले. कड्यामागचे गणित आजही अचूक आहे आणि आजच्या स्पर्धेच्या ग्लायडरमधला संगणक तेच गणित करतो. पण हे गणित पुढचा चढाव माहीत आहे असे धरून चालते, आणि वैमानिकाला नेमके तेवढेच माहीत नसते.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. सेकंदाला तीन मीटरच्या थर्मलमध्ये हजार मीटर उंची साडेपाच मिनिटांत मिळते. एक मीटरच्या थर्मलमध्ये तेवढ्याच उंचीला सतरा मिनिटे जातात. कड्यावर तीन लावून ताशी 180 किलोमीटरने निघालेल्याला पुढे एकचाच थर्मल भेटला, तर तो तिथे खाली पोचतो आणि सतरा मिनिटांची शिक्षा भोगतो. उलट एक लावून सावकाश निघालेल्याला तीनचा भेटला, तर त्याची थोडी मिनिटे वाया जातात, एवढेच. यावरून सावधपणा नेहमी फायद्याचा असे वाटेल, पण तसे नाही. स्पर्धा आठ-दहा दिवस चालते, आणि रोज चार मिनिटे गमावणारा शेवटी कुठेच नसतो. उलट धाडसाचीही मोठी किंमत आहे. जास्त वेगाने जाणाऱ्या विमानाचे ग्लाइड गुणोत्तर चाळीस-बेचाळीसवरून तिशीच्या आसपास येते. म्हणजे हजार मीटर उंचीत धुंडाळायला मिळणारा पट्टा चाळीस किलोमीटरवरून तीसवर येतो. शोधायची जागा कमी झाली, की चांगला थर्मल सापडण्याची शक्यताही कमी होते. हे दोन तोटे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि कोणत्याही एका आकड्याने ते सुटत नाहीत.

जॉन कॉक्रेन हा अर्थशास्त्रज्ञ स्वतः ग्लायडर चालवतो. अनिश्चिततेचा हिशोब हाच त्याचा धंदा असल्याने त्याने हे कोडे वेगळ्या बाजूने धरले. त्याचे म्हणणे असे, की कड्यावरचा आकडा हवेचा अंदाज नसून आपल्या उंचीची किंमत आहे. वर असताना निवडीला वाव असतो, म्हणून फक्त जोरदार थर्मल घ्यावा आणि वेगाने जावे. खाली येत जावे तसा आकडा उतरवावा आणि जे मिळेल त्यात समाधान मानावे. हा विचार पटतो. तरी आठशे मीटरवर, समोर सावली पसरलेली असताना, आकडा नेमका कधी उतरवायचा हे तो सांगत नाही. तिथे हवा वाचावी लागते.

हवा वाचायची म्हणजे आधी जमीन वाचायची, आणि त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या शिवारासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. दारव्हा तालुक्यातल्या या गावाभोवती कापसाची काळी जमीन आहे. पऱ्हाटी उपटून उन्हाळवाही केलेले वावर एप्रिलमध्ये कोरडे, काळे आणि उघडे असते. ऊन पाण्याच्या वाफेवर खर्च न होता थेट माती तापवते आणि मातीलगतची हवा भराभर गरम होते. शेजारच्या वावरात ओलित असेल, गहू नुकताच निघाला असेल किंवा संत्र्याची बाग असेल, तर तिथली हवा दोन-तीन अंशांनी मागे राहते. थर्मल बहुधा या दोहोंच्या सीमेवर सुटतो. धुऱ्यावरची बाभूळ, नाल्याचा काठ, डांबरी रस्त्याचा उंचवटा एवढे निमित्तही तापलेल्या हवेला जमिनीपासून सुटायला पुरते. दुपारी काळ्या वावरातून वावटळ उठून पाचोळा गोल फिरवत नेते, तेव्हा डोळ्यांना दिसतो तो थर्मलचा पाय. वर हजार मीटरवर तोच थर्मल वाऱ्याने बराच बाजूला सरकलेला असतो. वावटळीच्या थेट डोक्यावर जाऊन शोधणारा नवशिका तिथे रिकामी हवा घेऊन परततो.

ढगाचा तळ किती उंच असेल हे काढण्याची रीत जुनी आहे. जमिनीजवळचे तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर अंशाच्या फरकामागे सुमारे 125 मीटर उंची धरायची. एप्रिलमध्ये विदर्भात तापमान 40 आणि दवबिंदू 10 असेल, तर ढगाचा तळ साडेतीन हजार मीटरच्या वर जातो. इंग्लंडमधल्या चांगल्या उन्हाळी दिवशी तापमान 22 आणि दवबिंदू 12 असतो आणि तळ साडेबाराशेवर बसतो. जागतिक स्पर्धांचा मोठा भाग युरोपात अशा बुटक्या हवेत झालेला आहे. 1954 ची कॅम्पहिल येथील आणि 1965 ची साउथ सर्नी येथील स्पर्धा इंग्लंडच्या पावसानेच लक्षात राहिल्या. बुटक्या हवेत प्रत्येक थर्मलला कमी उंची मिळते, म्हणून निर्णय जास्त घ्यावे लागतात आणि प्रत्येक निर्णय घाईचा असतो.

विदर्भाची हवा मात्र एका रात्रीत दुसऱ्या देशाची होते. मार्च ते मे या काळात पश्चिमेचा कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारा ओलसर वारा यांची सीमा पुष्कळदा याच भागावरून जाते. ती थोडी पश्चिमेला सरकली, की काल 10 असलेला दवबिंदू आज 22 होतो. तापमान 36 असेल तर ढगाचा तळ सतराशे-अठराशेवर येतो. सकाळी अकरालाच देखणे कापसासारखे ढग दिसतात आणि दुपारी दोनपर्यंत ते पसरून आभाळ झाकतात. साडेतीनला अवकाळी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रातल्या उभ्या पिकाची माती झाली, ती अशाच हवांच्या टकरीतून. पावसाच्या दुसऱ्या दिवशी आभाळ धुतलेले असते आणि पाहणाऱ्याला वाटते, आज उडायला उत्तम. पण काळी माती पाणी धरून ठेवते. ऊन ती वाळवण्यात खर्च होते आणि थर्मल उशिरा, मरगळलेले निघतात. मुरमाड माळ मात्र तासा-दोन तासांत कोरडा होतो. पावसानंतरच्या दिवशी काळ्या शिवारावरून जाणारा आणि मुरमाड टेकाडाच्या कडेने जाणारा यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर सहज पडते. नागपूरच्या वेधशाळेतून पहाटे साडेपाचला सुटणारा फुगा वरच्या हवेचे तापमान सांगतो. खालची माती कुठे ओली आहे हे तो सांगत नाही.

दुसरी खूण पक्ष्यांची. अर्नेस्ट हँकिन हा जीवाणुशास्त्रज्ञ आग्र्याला नोकरीत असताना घारी आणि गिधाडे तासन्‌तास पाहत बसे. त्याचे प्राण्यांच्या उड्डाणावरचे पुस्तक 1913 मध्ये निघाले. हलकी घार सकाळी आधी घिरट्या घालू लागते, जड गिधाड हवा अधिक तापल्यावर उठते. ही उतरंड वैमानिकाच्या फार उपयोगाची, कारण पंखावरचा भार जितका जास्त तितका जोरदार थर्मल लागतो, आणि पाणी भरलेले ग्लायडर गिधाडाच्या बाजूचे आहे. गिधाडांचा थवा गोल फिरताना दिसला, की डोळे मिटून तिकडे वळावे असा काळ होता. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती खूण पुसली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. आभाळाला झालेले हे नुकसान ग्लायडर चालवणाऱ्याइतके फार थोड्यांना कळले असेल. घारी उरल्या आहेत, पण घार अर्ध्या मीटरच्या थर्मलवरही खुशाल तरंगते. तिच्या भरवशावर पाच क्विंटलचे विमान वर जात नाही.

स्पर्धेतली तिसरी खूण म्हणजे इतर स्पर्धक, आणि इथे मतभेद तीव्र आहेत. सुरुवातीची रेषा उघडली तरी लगेच निघायचे बंधन नसते. म्हणून चांगले चांगले वैमानिक रेषेमागे घिरट्या घालत राहतात, दुसरा कोणी आधी जावा याची वाट पाहतात आणि मग त्याने शोधलेल्या थर्मलांवरून त्याला गाठतात. आधी निघालेला शोधतो, मागचा त्याच्या शोधावर मिनिटे वाचवतो. नियमांत हे बसते. तरी जो दिवसभर दुसऱ्याच्या पंखामागे राहून पदक घेतो, त्याने हवा वाचलेली नसते. हे मत कडवट वाटेल, पण ते बदलावे असे कारण सापडत नाही. 2005 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-ओबान येथे सुरू झालेल्या ग्रां प्री स्पर्धेत सगळे एकाच वेळी रेषा ओलांडतात. तिथे पहिला पोचला तो जिंकला, मागे लपायला जागा कमी. ती पहिली स्पर्धा पोलंडच्या सेबास्टियान कावाने जिंकली. तोच कावा पुढे नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात ग्लायडर घेऊन गेला, जिथे आधी जाऊन थर्मल दाखवणारे कोणी नव्हते.

हवेचा भरवसा नसेल त्या दिवशी आयोजक ठरलेल्या बिंदूंऐवजी मोठी वर्तुळे देतात आणि किमान वेळ सांगतात. वर्तुळात किती खोल जायचे ते वैमानिकाने ठरवायचे. थोडक्यात, हवामानतज्ज्ञाला न सुटलेला प्रश्न कॉकपिटमध्ये पाठवला जातो. या प्रकारच्या दिवशी कसबी माणसाला जो आनंद होतो, त्यात गर्वाचा वाटा मोठा असतो. आपल्याला आभाळ कळते, बाकीच्यांना फक्त विमान चालवता येते, असा तो गर्व. प्रस्तुत लेखकालाही तो आहे, आणि वयाने हात मंद झाले तरी तो उतरलेला नाही.

गर्वाला हवा जिथे जागा देत नाही, ती जागा वादळाची. 1948 मध्ये स्वित्झर्लंडच्या सामेडान येथील स्पर्धेत दोन ब्रिटिश वैमानिक जिवाला मुकले. त्यातला एक, वास्तुविशारद क्रिस्टोफर निकोल्सन, ढगात असताना डोंगरावर आदळला. त्या काळी ढगात शिरून उंची मिळवणे स्पर्धेचा भाग होता. 14 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला येथे पॅराग्लायडिंगच्या जागतिक स्पर्धेआधीच्या सरावात एव्हा विष्नियेर्स्का ही जर्मनीची वैमानिक वादळी ढगात ओढली गेली आणि 9,946 मीटरपर्यंत चढली, एव्हरेस्टच्याही वर. अर्ध्या तासाहून अधिक ती बेशुद्ध होती. अंगावर आणि कापडावर बर्फ साचलेला असताना शुद्धीवर आली आणि जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला चीनचा हे झोंगपिन वाचला नाही. दोन वादळांच्या मधून वाट निघेल असा अंदाज त्या दिवशी अनेकांनी केला होता. ढगाखालचा चढाव अचानक गुळगुळीत आणि रुंद होतो, कुठेही वळले तरी विमान वरच जाते, तेव्हा पुढच्या थर्मलचा प्रश्न संपलेला असतो आणि तिथून ताबडतोब निघायचे असते. स्पर्धेच्या भरात तोच चढाव नशिबाचा वाटतो, ही खरी अडचण आहे.

अलीकडे अंदाजाची साधने फार सुधारली. दर अर्ध्या तासाला कुठे किती जोराचा चढाव मिळेल, ढग कुठे पसरतील, याचा नकाशा आता फोनवर रंगात दिसतो. पुण्याजवळ हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्रात रोहिणी या लाकडी ग्लायडरमध्ये शेजारी शेजारी बसून शिकलेल्या पिढीला हे मिळाले नव्हते. ती पिढी विंचचा दोर सुटल्यावर हाती आलेल्या थोड्या मिनिटांत फुरसुंगीकडच्या शेतांवर डोळे लावून थर्मल शोधायची. सापडला नाही तर उतरायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. नव्या वैमानिकांचा नकाशा बहुतेक दिवशी बरोबर निघतो. तो चुकतो तो नेमका अनिश्चित दिवशी, आणि तेव्हा पडद्यावरून मान वर काढायला त्यांना उशीर होतो. उंच असताना नकाशावर चालावे आणि खाली आल्यावर जमिनीवर, असे शिकवले तर पटते. हातात येईपर्यंत मात्र बरेच उन्हाळे जातात, आणि हडपसरभोवती शहर इतके वाढले आहे की शिकायला शेतच उरले नाही.

दिवसाचा शेवट जवळ येतो तसा प्रश्न उलटतो. आता पुढचा थर्मल मिळणार नाही असे धरायचे आणि ज्यात आहोत त्याचाच चढाव कड्यावर लावायचा. तो चढाव त्या आकड्याखाली घसरला, की निघायचे. शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या सरळ उतरणीत समोरून वारा वाढला, वाटेत पाऊस लागून पंख ओले झाले, तर घोटीव पंखाची सगळी करामत जाते आणि गुणोत्तर झपाट्याने घसरते. म्हणून अनुभवी माणूस हिशोबापेक्षा दोन-तीनशे मीटर अधिक घेतो. पाऊस समोर दिसत असेल तर त्याहूनही अधिक, आणि तेवढी मिनिटे प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतो. उंची अपुरी पडली तर मैदानाच्या अलीकडे, वाऱ्याकडे तोंड करून, तारा आणि विहिरी टाळून वावरात उतरायचे. नांगरलेल्या काळ्या रानापेक्षा गहू कापून नेलेले रान बरे, आणि नांगरलेलेच नशिबी आले तर तासांच्या दिशेने. अशा उतरण्याला अंतराचे गुण मिळतात, वेगाचे नाहीत.