गळका एअर व्हॉल्व्ह आणि वरच्या वाफ्यांतली गोल्टी



गेल्या उन्हाळी कांद्यात माझ्या वरच्या अंगाच्या नऊ वाफ्यांत निम्म्याहून जास्त गोल्टी निघाली. खालच्या वाफ्यांत माल एक नंबर. रोप एकच, भीमा शक्तीचं. लागण एकाच आठवड्यातली, खतही तेच. मी आधी रोपाला दोष दिला, मग वरच्या मुरमाड जमिनीला. चूक माझ्या हातचीच निघाली, म्हणून आज लिहितोय.

रान चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या बाजूला उतरतं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीप्रमाणं गादीवाफे केलेत. माथा १२० सेंमी, उंची १५ सेंमी, मधे ४५ सेंमीची सरी, आणि वाफ्यावर ६० सेंमी अंतरानं दोन लॅटरल. सबमेन उताराला धरून खाली जाते. तिच्या वरच्या टोकाला एक इंची प्लास्टिकचा एअर व्हॉल्व्ह होता. तो गळायला लागला. मी खोलून आतल्या रबरी रिंगेला ट्रॅक्टरचं ग्रीस चांगलं थापलं. काही दिवस बरा चालला, मग आधीपेक्षा जास्त गळायला लागला. वैतागून काढून टाकला आणि तिथं टोपण बसवलं. गळती बंद, मी खूश. आपल्याकडं निम्म्या रानांत हेच केलेलं दिसेल.

आमच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. त्यातला एक लातूरकडचा, मेंटेनन्सला आहे. दिवसभर हवेवर चालणारे व्हॉल्व्ह खोलायचे, रिंगा बदलायच्या, परत जोडायचे, हेच त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी मी बांधावर बसून लॅटरल फाडत होतो, तर आला. "काका, हे काय करलालाव?" मी ड्रिपरच्या आतली नागमोडी वाट दाखवली, गाळानं भरलेली. फिल्टर फाटला असंल म्हणालो. तो म्हणाला, "फिल्टरमधून गाळ आला असता तर खालीपण आला असता. वरच्यालाच का?" मग विचारलं, "मोटार बंद केल्यावर पायपात हवा कुठनं येते?"

मी गप्प.

गोष्ट अशी आहे. मोटार बंद झाली की पायपातलं पाणी उताराला खाली पळतं आणि वरच्या टोकाला पोकळी होते. ३ मीटरचा उतार असला तर ०.३ किलोपर्यंतची ओढ लागू शकते. एअर व्हॉल्व्ह असला तर आतला तरंगता गोळा खाली पडतो आणि तोंडातून हवा आत येते. तोंड बंद असलं तर ती हवा ड्रिपरमधून ओढली जाते, आणि ड्रिपर त्या वेळी चिखलात बसलेला असतो. रोज मोटार बंद करताना माझे ड्रिपर एकेक घोट चिखल पीत होते. नऊ वाफ्यांना कांदा पोसायच्या वेळी पाणीच कमी पडलं.

जुना व्हॉल्व्ह शेडात पडलेला होता. त्यानं रिंग काढून नव्या रिंगेशेजारी ठेवली. जुनी डोळ्याला दिसण्याइतकी जाड झालेली, फुगून मऊ पडलेली. म्हणाला, काळं रबर सगळं सारखंच दिसतं, पण ईपीडीएमच्या रिंगेला पेट्रोलियमचं तेल-ग्रीस लागलं की ती फुगते. नायट्राइलची असली तर फुगत नाही. नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून सिलिकॉन ग्रीसच वापरायचं, तेही बोटाला ओशट लागंल एवढंच. थापायचं नाही. कंपनीतसुद्धा नवीन पोरं हीच चूक करतात म्हणे.

आता खोलायचं कसं ते सांगतो. मोटार बंद करून भागत नाही. आपल्या स्टार्टरला ऑटो असतो, लाईट आली की मोटार आपोआप चालू. मी किटकॅट काढून खिशात घातले तेव्हा पोरगा हसला. त्यांच्याकडंही असंच, हवा बंद करायची, लाईनमधली उरलेली सोडून द्यायची, स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात. आपणही खालचा फ्लश उघडून पायपातलं प्रेशर आधी जाऊ द्यायचं.

टोपी हातानंच फिरते, पान्हा लावायचा नाही, प्लास्टिक तडकतं. भाग काढाल त्या क्रमानं फडक्यावर मांडा, मोबाईलवर फोटो काढा. माझ्या व्हॉल्व्हच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि गोळा जिथं टेकतो त्या बैठकीवर क्षार धरलेला. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या दातांच्या ब्रशनं घासला. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचा मोह होतो, करू नका. बैठकीवर एक ओरखडा पडला की तो व्हॉल्व्ह कायमचा गळणार. गोळा कानाजवळ हलवून बघा, आत पाणी वाजलं तर तो तडकलाय, तरंगणार नाही. टेफलॉन टेप खालच्या आट्यांना लावा, टोपीला नको. तिथं रिंगच पुरे.

जोडल्यावर मोटार चालू केली. आधी फुस्स, मग पिचकारी, मग बंद. सुरुवातीला थोडं पाणी उडणारच. लाईनला प्रेशर कमी असलं तरी गोळा नीट दाबला जात नाही आणि पाणी झिरपतं, तो व्हॉल्व्हचा दोष नव्हे. हे मला तेव्हा माहीत असतं तर ग्रीसचा डबा उघडलाच नसता.

खरी परीक्षा बंद करताना. कांद्याचा सुका पापुद्रा तोंडावर धरला, मोटार बंद केली, आणि पापुद्रा खटकन आत ओढून चिकटला. आता दर पंधरा दिवसांनी एवढं करतो.

नऊ वाफ्यांच्या लॅटरल ॲसिडनं धुऊन बघितल्या. क्षार सुटतो, चिखल सुटत नाही. बऱ्याच बदलाव्या लागल्या. पोराला चहा पाजला, पैसे घेईना. या महिन्याच्या भाड्यात वळते केले.