चार लाद्या

बार्सिलोनात आम्ही सहा दिवस होतो. अडीच दिवस वास्तुकार गाउदीच्या इमारतींना दिले, एक दुपार समुद्राला, आणि एक अख्खा दिवस पावसाने नेला. सगळं छान झालं. पण मला सांगायची आहे ती पाचव्या दिवसाची सकाळ. त्या सकाळी मी एका अनोळखी आजींच्या दगडासारख्या जड लाद्या कवटाळून जिना चढले.

आम्ही उतरलो होतो एशांपलामध्ये. शब्दाचा अर्थच 'विस्तार'. जुनं गाव तटाच्या आत कोंडलं होतं. 1854 साली तट पाडायला परवानगी मिळाली, आणि मग बाहेरच्या मोकळ्या रानावर ही पाच-सहा मजली घरांची वस्ती उभी राहिली. आपल्या मुंबईच्या फोर्टचा तट पडला तो 1860 च्या दशकात, म्हणजे जवळपास त्याच सुमारास. जुन्या गावाच्या बोळांतून चालत निघालं की दहा मिनिटांत इथे येता येतं, आणि एकदम आभाळ मोठं होतं. वीस मीटर रुंद सरळ रस्ते, दोन्हीकडे झाडं, लोखंडी नक्षीचे सज्जे. प्रत्येक चौकात चारही इमारतींचे कोपरे तिरपे छाटलेले. त्यामुळे चौक अष्टकोनी होतो आणि तिथे ऊन साठून राहतं. मला मोजूनमापून आखलेली शहरं एरवी आवडत नाहीत, माणसं त्यांत हरवल्यासारखी दिसतात. इथे तसं झालं नाही, ते या छाटलेल्या कोपऱ्यांमुळे. तिथे लोक थांबतात, बोलत उभे राहतात.

त्या सकाळी मी आणि माझी भाची (ती तिथेच शिकते) पाव आणायला निघालो होतो. जिरोना रस्त्यावर एका दारासमोर राडारोड्याने भरलेल्या पांढऱ्या गोण्या उभ्या होत्या. वरच्या कुठल्यातरी घराचं काम चाललं होतं. एका गोणीत वाकून ऐंशीच्या पुढच्या एक आजी काहीतरी शोधत होत्या. केस नीट बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ, शेजारी बाजारहाटाची चाकांची पिशवी. त्यांनी एक लादी बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि उन्हात धरली. गर्द तांबडं फूल, भोवती राखाडी-हिरवी पानं. एक कोपरा उडालेला. त्यांनी ती परत ठेवली आणि दुसरी काढली.

मी थांबले. मला थांबावंच लागलं, कारण आमच्या गिरगावच्या खोलीत अशाच लाद्या होत्या. अगदी याच नव्हेत, पण याच जातीच्या. मी भाचीला म्हटलं, "विचार त्यांना, काय शोधताहेत."

आजींनी हाताची चार बोटं दाखवली. "चार. चार हव्यात, कोपरे शाबूत असलेल्या."

त्यांच्या जेवणाच्या खोलीत गॅसची नळी टाकायला आलेल्या माणसाने चार लाद्या फोडल्या होत्या, याला आता पन्नास वर्षं होत आली. तिथे करड्या सिमेंटचा एक चौकोन राहिला. नेमकी तीच नक्षी वरच्या मजल्यावर होती, कारण सगळी इमारत एकाच वेळी, सगळ्या मजल्यांवर सारख्याच लाद्या घालून बांधलेली. म्हणजे इतकी वर्षं हव्या त्या लाद्या त्यांच्या डोक्यावर होत्या, दुसऱ्याच्या पायांखाली. आता वरचं घर पर्यटकांना देण्यासाठी नव्याने करायला घेतलं होतं आणि जमीन उखडली जात होती.

हे ऐकून मी गप्प झाले. आम्ही उतरलो होतो तेही तसंच एक घर होतं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत, गोड बोलणारं आणि कुणाचंच नसलेलं. अशा दहा हजारांवर पर्यटक-घरांचे परवाने 2028 नंतर चालू ठेवणार नाही, असं तिथल्या महापालिकेने 2024 मध्ये जाहीर केलं आहे. करावंच त्यांनी तसं. मी पुढच्या वेळी दुसरीकडे उतरेन.

आम्ही तिघींनी गोण्या उपसल्या. पाच चांगल्या निघाल्या. एकेक लादी वीस सेंटिमीटर चौरस आणि वजनाला जवळजवळ दोन किलो. लिफ्ट होती, लाकडी, आत बसायला बाक आणि आरसा असलेली, पण तिच्यात राडारोडा न्यायला बंदी. लाद्या हा राडारोडा नव्हे, हे आजींचंही मत होतं, पण नियम तो नियम. "कितवा मजला?" मी विचारलं. "पहिला," आजी म्हणाल्या. म्हटलं, सोपं आहे.

एक जिना चढले. पाटीवर 'एंत्रेसोल'. दुसरा चढले. 'प्रिन्सिपाल'. हातांतल्या दोन लाद्या आता बोटांत रुतू लागल्या होत्या. तिसरा जिना संपल्यावर 'पहिला' आला. आजी पुढे, न थांबता, कठड्याला हातही न लावता. या मजल्यांच्या नावांनी मला आधीचे चार दिवसही छळलं होतं. त्या जिन्यावर मात्र त्यामागची गोष्ट कळली आणि राग ओसरला. लिफ्ट नव्हती तेव्हा वर चढणं हे गरिबांचं काम. मालक राहायचा 'प्रिन्सिपाल'वर, सगळ्यात उंच छताच्या, सगळ्यात मोठ्या सज्ज्याच्या मजल्यावर. त्याच्या वर भाडेकरू, आणि जितकं वर तितकं छत ठेंगणं, भाडं कमी. मालकाच्या मजल्याला आकडा द्यायचा नाही, मोजणी त्याच्यानंतर सुरू करायची. पुढे लिफ्ट आली आणि उलटं झालं, गच्चीलगतची घरं महाग झाली. पाट्या मात्र जुन्याच राहिल्या.

आजींचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले. प्रत्येक खोलीत वेगळी लादी. प्रत्येकीला चहूबाजूंनी काठ, जणू सतरंज्या अंथरल्या आहेत. बोळात साधी ठिपक्यांची, जेवणाच्या खोलीत फुलांची, स्वयंपाकघरात चौकड्यांची. एका ठिकाणी दोन काठ खोलीच्या मधोमध एकमेकांना भिडले होते. तिथे पूर्वी भिंत होती, आजींच्या वडिलांनी काढली. भिंत गेली तरी जमिनीला ती आठवत होती. खिडकीजवळ एका जागी फुलं पार पुसट झालेली. तिथे आजींच्या आईचं शिवणयंत्र होतं, आणि नंतर आजींचं. दोघी मायलेकी शिंपीकाम करायच्या. दोघींचे पाय एकाच जागी टेकत आले.

या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात, हे मला घरी परतल्यावर वाचून कळलं. पितळी पट्ट्यांच्या साच्यात कप्प्याकप्प्याने रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण हाताने ओततात, साचा उचलतात, वर कोरडं सिमेंट पसरतात आणि यंत्राने जबर दाब देतात. मग पाण्यात बुडवून पक्क्या होऊ देतात. रंग वरून चढवलेला नसतो, काही मिलिमीटर जाड थरच रंगाचा असतो. म्हणून तो शंभर वर्षं झिजतो तरी जात नाही. आपल्याकडे भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या भावनेने 1922 मध्ये याच लाद्यांसाठी निघाली, आणि मुंबईची किती घरं त्यांनी नटली.

आजींनी आम्हाला मागच्या बाजूच्या काचबंद सज्ज्यात बसवलं आणि खायला आणलं. भाजलेल्या पावाचे जाड तुकडे, दोरीला टांगून टिकवलेले लहान टोमॅटो, तेलाची बाटली, मीठ. टोमॅटो अर्धा कापायचा आणि पावावर चोळायचा, फक्त साल हातात उरेपर्यंत. मग मीठ, मग तेलाची धार. बस. मी केलेला पहिला तुकडा त्यांनी हातातून काढून घेतला, आणखी चोळला आणि परत दिला. चार दिवस रांगा लावून खाल्लेल्या भातापेक्षा, माशांपेक्षा मला हे आवडलं. शिळ्या भाकरीवर तेल-तिखट घेऊन आजोळी चुलीपुढे बसायचो, त्या चवीच्या घराण्यातलं हे खाणं.

सज्ज्यातून खाली घरांच्या चौकोनाच्या पोटातली जागा दिसत होती. ही वस्ती आखणाऱ्या इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने प्रत्येक चौकोन सुमारे 113 मीटरचा धरला होता. दोनच बाजूंना घरं बांधायची आणि मधे बाग ठेवायची. तटाच्या आतल्या कामगारांच्या खोल्या, हवा, आजार, मृत्यू हे सगळं त्याने आधी मोजलं होतं. श्रीमंतापेक्षा कामगार किती लवकर मरतो ते त्याला आकड्यांत दिसलं होतं, म्हणून प्रत्येक घराला ऊन आणि वारा मिळावा हा त्याचा हट्ट. जमीनमालकांनी चारही बाजू बांधल्या, मजले चढवले आणि बागांच्या जागी कारखाने भरले. आजींच्या सज्ज्याखालीही पत्र्याची छपरंच होती. त्यांचे वडील त्यातल्याच एका छापखान्यात खिळे जुळवायचे. दुपारी आई वरून हाक मारायची आणि ते जेवायला यायचे. मला त्या मालकांचा राग येत होता आणि आजी त्या छपरांकडे प्रेमाने बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक असा चौकोन पाहिला, जिथली जागा पालिकेने परत मोकळी केली आहे. मधे विटांचा जुना पाण्याचा मनोरा, भोवती मुलं चेंडू खेळत होती. तिथे उन्हाळ्यात मुलांसाठी पाण्याचं टाकं भरतात.

"तुम्हाला कुणी जा म्हणत नाही?" मी विचारायला लावलं. आजी जुन्या करारातल्या भाडेकरू. त्या हयात आहेत तोवर घर त्यांचं, भाडं थोडं. आपल्या पागडीच्या घरांसारखंच. त्यांच्यानंतर मात्र ही जमीनही गोणीत जाणार, हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, टोमॅटो चोळता चोळता.

तेव्हा मी त्यांना आमच्या चाळीचं सांगितलं. 2006 साली ती पुनर्विकासात पाडली. हातोडे पडत होते त्या दिवशी मी खाली रस्त्यावर उभी होते. आमच्या खोलीच्या लाद्या माझ्या समोर ट्रकमध्ये गेल्या. एक मागितली असती तर कुणीही दिली असती. मी मागितली नाही. माझ्या पुण्याच्या घरात आता चकचकीत फरशा आहेत, त्यांत सकाळी दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि पायांनी कधीही कुठे झिजल्याची खूण पडत नाही. भाचीने हे भाषांतर करताना एकदा माझ्याकडे पाहिलं. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला.

मग त्या उठल्या. सज्ज्यातल्या धुण्याच्या दगडी कुंडीत आम्ही लाद्या घासल्या. मागे चिकटलेलं जुनं चुन्याचं अस्तर सुरीने खरवडलं. जेवणाच्या खोलीत त्या करड्या चौकोनावर नुसत्याच मांडून पाहिल्या. गवंडी सोमवारी येणार होता. मी लावलेली लादी उलट होती, पानं बाहेर तोंड करून. आजींनी गुडघे टेकले, ती एक चतुर्थांश फिरवली आणि फूल पुरं झालं. वरच्या लाद्यांचा रंग जरा उजळ होता, तिथे शिवणयंत्र नव्हतं.

पाचवी उरली. मला वाटलं, ती मला देतील. आजींनी ती उचलली, सज्ज्यात नेली आणि जिरेनियमच्या कुंडीखाली सरकवली. ती कुंडी कधीची डुगडुगत होती म्हणे.