एक प्रवरा, दोन आया

कोल्हारहून पश्चिमेला जाणारा रस्ता लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करीत घोटीला पोहोचतो. प्रवरा नेमकी उलट्या दिशेने येते. रतनगडाच्या डोंगरात ती उगम पावते, १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात विसावते आणि आपल्या कोल्हार-भगवतीपूरच्या पुलाखालून पुढे जाते. वरच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत, तर खाली उसाच्या पट्ट्यात भिल्लांच्या वस्त्या. सरकारदरबारी सारेच आदिवासी. पण वरच्या आणि खालच्या गरोदर बाईच्या ताटात सरकार सारखे वाढत नाही, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी रुळला. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, घरी न्यायचा पूरक आहार या गोष्टी कोल्हारात मिळतात, तशा राजुरातही मिळतात. पुढे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा मातेने अंगणवाडीत यावे आणि एक वेळचे चौरस, गरम जेवण तिथेच बसून जेवावे, अशी ती योजना. मात्र ती अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. १९८५ च्या आदेशाने ठरलेल्या त्या क्षेत्रात अकोले तालुक्यातील गावे आहेत, कोल्हार नाही.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने आम्ही काही मुली नदीकडच्या एका वस्तीत गेलो होतो. सातवा महिना लागलेली एक ताई नुकतीच निंदणीहून परतली होती. आहाराचे पाकीट मिळते का, असे विचारले तर म्हणाली, "मिळतं की. पण घरात सहा तोंडं. मी एकलीच कशी खाऊ?" तिची सासू आतून म्हणाली, "वाढणारीनं मागून खायचं असतं, बाई."

अमृत आहाराचे मर्म मला त्या वाक्यात सापडले. घरी आलेले पाकीट घराचे होते. अंगणवाडीत वाढलेले ताट आईचे असते. जेवण्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही.

पैशाच्या योजनांचेही असेच. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी म्हणून २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. त्या ताईची ही तिसरी खेप. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात दवाखान्यातील बाळंतपणाला ७०० रुपये आहेत, पण त्यासाठी जातीचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचे कार्ड दाखवावे लागते. आदिवासी असल्याच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे कामामागे गावोगाव फिरले, ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी तो आणायचा कुठून?

योजना फुकट गेल्या, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच सासूबाईंची सारी बाळंतपणे घरी झाली; सुनेची दोन्ही दवाखान्यात. वस्तीतली लहान मुले अंगणवाडी-सेविकेला आपल्या आत्याप्रमाणे बिलगतात, हे आम्ही पाहिले. जिथे आदिवासी दाट राहतात तिथे योजना आधी न्यावी, हा विचारही रास्तच आहे. पण सपाटीवरच्या भिल्ल आईपाशी ना जंगल, ना शेत. ती दुसऱ्याच्या बांधावर राबते आणि नकाशावरच्या रेषेबाहेर राहते.

वास्तविक यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत गरम आहार असतोच. त्याच वेळी वस्तीतल्या पाच-सात आयांची ताटे मांडायला किती धान्य जास्त लागेल? ही मागणी ग्रामसभेत मांडता येईल. जुन्या शाळांच्या रजिस्टरांतून १९५० पूर्वीच्या नोंदी शोधायला आपण विद्यार्थी मदत करू शकतो. अकोल्याच्या डोंगरातून आलेल्या पाण्यावर आपला ऊस उभा राहिला. त्या डोंगरात आदिवासी आईला जे ताट मिळते, ते त्याच नदीच्या काठी, आपल्या गावात, उसात राबणाऱ्या आईलाही मिळावे, एवढेच मागायचे आहे.